कोर्ट रिपोर्टरांचं मंडळ: कॅलिफोर्निया आणि टेक्सास

साक्षीदार काय बोलला, हे अपिलात कागदावरूनच ठरतं. म्हणून ते टिपणाऱ्या कोर्ट रिपोर्टरला परवाना देणारं मंडळ कोण नेमतं, याला फार महत्त्व आहे. अमेरिकेतल्या दोन मोठ्या राज्यांनी याची उत्तरं अगदी वेगळी शोधली आहेत.

कॅलिफोर्नियात १९५१ पासून स्वतंत्र मंडळ आहे. सदस्य पाच. त्यांतले दोन परवानाधारक रिपोर्टर, तर तिघे या व्यवसायाबाहेरचे नागरिक. दोन्ही रिपोर्टर आणि एक नागरिक गव्हर्नर नेमतात. उरलेल्या दोन नागरिकांपैकी एकाची नेमणूक सिनेटची (राज्य विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाची) रूल्स कमिटी करते, दुसऱ्याची असेंब्लीचे (खालच्या सभागृहाचे) स्पीकर. म्हणजे सगळी सूत्रं एका हाती जात नाहीत आणि व्यवसायातली माणसं स्वतःच्याच मंडळात अल्पमतात राहतात. मला ही रचना मनापासून पटते. मिनिटाला २०० शब्द, ९७.५ टक्के अचूकता अशी कडक परीक्षा घेणाऱ्या मंडळावर धंद्यातल्याच लोकांचं वर्चस्व असेल, तर नव्यांसाठी दार बंद व्हायला कितीसा वेळ लागणार?

टेक्सासनं २०१४ मध्ये रिपोर्टरांचं वेगळं मंडळ मोडून ते न्यायशाखेच्या एका सामायिक आयोगात विलीन केलं. दुभाषे, कायदेशीर पालक (गार्डियन) आणि समन्स बजावणारेही त्याच आयोगाखाली येतात. सदस्य नऊ: पाच न्यायाधीश, चार नागरिक. सगळ्यांना नेमतं राज्याचं सर्वोच्च न्यायालय. रिपोर्टरांसाठी सल्लागार मंडळ आहे, पण अंतिम निर्णय आयोगाचाच. न्यायाधीशांना नोंदीचं मोल रोजच्या कामातून कळतं, ही जमेची बाजू. तरीही मतदानाच्या टेबलावर रिपोर्टरसाठी राखीव खुर्ची नसावी, हे मला खटकतं.