आठवीच्या स्कॉलरशिपचा क्लास, अशोक चौक भाग, सोलापूर : पाचपैकी साडेचार

क्लासचं नाव टाकत नाही कारण मॅडमनीच बोर्ड लावलेला नाही, वीसच्या वर पोरं घेत नाहीत आणि गर्दी झालेली त्यांना नको आहे. अशोक चौकाकडच्या भागात आठवीच्या कुठल्याही पोराला विचारा, घर दाखवतील. पण अनुभव सविस्तर लिहायलेय, कारण गेल्या वर्षी जूनमध्ये असं काही वाचायला मिळालं असतं तर आमचे पैसे आणि पोरीचे पाच महिने वाचले असते.

जूनला आम्ही तिला एका मोठ्या क्लासला घातलं होतं (त्याचंही नाव नको). बाहेर भला मोठा फ्लेक्स, पोरांचे फोटो आणि वर ठळक "स्कॉलरशिप निकाल 100 टक्के". वर्षाचे नऊ हजार एकरकमी भरले. दर रविवारी टेस्ट, संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नंबरानं यादी, पुढच्या रविवारी परत टेस्ट. माझी पोरगी 300 पैकी 130, 135, 138 अशीच फिरत राहिली, यादीत कायम शेवटच्या पानावर. दसऱ्यापर्यंत तिचं रविवारी सकाळी पोट दुखायला लागलं. सरांना भेटायला गेले तर म्हणाले, गणित कच्चं आहे ताई, घरी करून घ्या. मी युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात कामाला आहे, संध्याकाळी सातला घरी येते, मी काय करून घेणार? पण ऐकून घेतलं, आणि घरी येऊन पोरीलाच बोलले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या 100 टक्क्याचा अर्थ मला नंतर कळला, तो आधी सांगते. या परीक्षेत पास व्हायला प्रत्येक पेपरात 40 टक्के लागतात, म्हणजे 150 पैकी 60. तेवढे पडले की पोरगं "पात्र". पण पात्र वेगळं आणि शिष्यवृत्तीधारक वेगळं. पैसे गुणवत्ता यादीत येणाऱ्यांनाच मिळतात, आणि ती यादी जिल्ह्याला जेवढे संच (म्हणजे शिष्यवृत्तीच्या जागा) मंजूर असतात त्या हिशोबानं लागते. फ्लेक्सवर दोन्ही एकत्रच मोजलेले असतात. तेव्हा फी भरायच्या आधी विचारा की यातले पात्र किती आणि यादीत किती.

दिवाळीनंतर शेजारच्या ताईंनी या मॅडमकडं नेलं. त्यांची मुलगी आधीपासून तिथं जात होती. मॅडमनी पोरीला एक प्रश्न विचारला नाही, टेस्ट घेतली नाही, म्हणाल्या जुन्या टेस्टच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका आणा. आमच्याकडं तीनच होत्या, बाकीच्या त्या क्लासनं कधी परतच दिल्या नव्हत्या. मॅडम खाली सतरंजीवर बसल्या, पोरीला शेजारी घेतलं आणि 138 मार्कांचा पेपर पहिल्या प्रश्नापासून काढला. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाला तिला परत वाचायला लावायच्या आणि पेनानं बाजूला एक खूण करायच्या. "येत नव्हतं" ला लाल, "येत होतं पण नीट वाचलं नाही" ला हिरवी, "वेळ गेला" ला निळी. तास-सव्वा तास चाललं हे. मी दारात बसून बघत होते.

दोन्ही पेपर मिळून प्रश्न असतात 150, त्यातले 69 बरोबर, 81 गेलेले. मॅडमनी बेरीज करून वही माझ्याकडं फिरवली. 81 पैकी खरोखर न येणारे फक्त 27! शेवटचे 19 वेळ संपला म्हणून कोरे, 11 घाईत वाचल्यामुळं चुकलेले आणि तब्बल 24 दोन उत्तरांच्या प्रश्नांत गेलेले. पाच महिने टेस्ट देऊन हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.

ही दोन उत्तरांची भानगड ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आठवीच्या पेपरात जास्तीत जास्त 20 टक्के प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही गोल रंगवावे लागतात. एकच रंगवला तर मार्क नाही. 75 प्रश्नांच्या पेपरात असे 15 प्रश्न येऊ शकतात, म्हणजे 30 मार्क, दोन्ही पेपर धरून 60. आमच्या पेपरात प्रश्न होता की खालीलपैकी कोणत्या संख्या पूर्ण वर्गही आहेत आणि पूर्ण घनही, पर्याय 16, 64, 100, 729. पोरीला 64 लगेच सापडला, आठाचा वर्ग आणि चाराचा घन, तिनं गोल रंगवला आणि पुढं गेली. मॅडम म्हणाल्या, "729 बघ की." तिनं बोटावर मोजलं, नवाचा घन. मग वहीच्या कोपऱ्यात 27 गुणिले 27 केलं, 729 आलं, आणि तशीच मॅडमच्या तोंडाकडं बघत राहिली. गणित येत होतं ओ तिला. सवय नव्हती थांबायची.

त्यानंतर तीन महिने जे केलं ते सांगायला सोपं आहे पण रोज करणं सोपं नाही. आठवड्याला एकच टेस्ट, तीही कधीकधी अर्धी, आणि पुढचे तीन दिवस त्याच टेस्टच्या चुकांवर. प्रत्येकाची चुकांची वही वेगळी. चुकलेला प्रश्न वहीत उतरवायचा, त्याखाली "मी काय समजले" हे आपल्या शब्दात लिहायचं, मग बरोबर उत्तर. पंधरा दिवसांनी तोच प्रश्न आकडे बदलून परत येतो. प्रश्नपत्रिका हातात आली की दोन उत्तरांची सूचना असलेल्या प्रश्नांभोवती आधी चौकट करायची. 90 मिनिटांत 75 प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद, त्यामुळं अडलेल्या प्रश्नाला ठिपका देऊन पुढं जायचं आणि दुसऱ्या फेरीत परत यायचं. पेपरात साधारण 30 टक्के प्रश्न सोपे, 40 मध्यम आणि 30 अवघड असतात, सोपे शेवटी राहून गेले तर काय उपयोग. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. आणि गोल बॉलपेननं, एकदा रंगवला की बदलता येत नाही, म्हणून आधी बोट ठेवून प्रश्न क्रमांक बघायचा मगच पेन.

मला सगळ्यात आवडलं ते मराठीचं शिकवणं. आपल्याकडं पूर्व भागात कितीतरी पोरं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, आणि शाळा मराठी माध्यमाची. पहिल्या पेपरात प्रथम भाषेचे 25 प्रश्न, 50 मार्क. शेजारच्या ताईंची मुलगी गणितात माझ्या पोरीपेक्षा कितीतरी हुशार, पण "हातावर तुरी देणे" याला तिनं "मदत करणे" रंगवलं होतं. तिच्या वहीत लिहिलेलं मी वाचलंय, "तुरी दिल्या म्हणजे कुणालातरी धान्य दिलं". बरोबरच आहे ना तिचं, घरात कुणी कधी तो शब्द तसा वापरलाच नाही. मॅडम रागावल्या नाहीत, तिला चोर केलं, दुसरीला पोलीस, आणि सगळ्या वर्गानं "चोर हातावर तुरी देऊन पळाला" म्हणत खोलीभर धिंगाणा घातला. ती आता हे विसरेल का सांगा! वाक्प्रचार पाठ करायची यादी मॅडमनी दिलीच नाही, रोज दोन, बोलण्यात वापरायचे. माझी पोरगी घरी पण वापरायला लागली.

जानेवारीत गड्ड्याची (सिद्धेश्वराची) यात्रा, आणि परीक्षा फेब्रुवारीत. बाकीचे क्लास त्या दिवसांत जादा बॅच लावतात. मॅडमनी अक्षता सोहळ्याला आणि त्याच्या पुढच्या-मागच्या दिवशी सरळ सुट्टी दिली, म्हणाल्या नंदीध्वज बघून या, पाळण्यात बसून या, वही उघडायची नाही. मला तेव्हा काळजी वाटली होती, खरं सांगते. पण पोरगी चौथ्या दिवशी आपणहून वही घेऊन बसली, रविवारचं पोटदुखणं तर कधीच थांबलं होतं.

कमी पडतं ते पण लिहिते. पत्र्याची खोली आहे, ऑक्टोबरातसुद्धा दुपारी बसवत नाही, एकच पंखा. दुसऱ्या पेपरात बुद्धिमत्तेसोबत इंग्रजीचे 25 प्रश्न असतात, ते मॅडम शेवटच्या महिन्यात उरकतात, आमचे मार्क तिथंच कमी पडले. एनएमएमएसची (आठवीलाच असणारी केंद्राची दुसरी शिष्यवृत्ती परीक्षा) तयारी इथं होत नाही. त्यात विज्ञान आणि समाजशास्त्र पण असतं, ते मॅडम शिकवत नाहीत आणि तसं आधीच स्पष्ट सांगतात. वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत असेल तर ती परीक्षा सोडू नका, नववी ते बारावी वर्षाला 12 हजार मिळतात, पण त्यासाठी दुसरीकडं बघावं लागेल. आणि मॅडम फोन उचलत नाहीत, संध्याकाळी आठनंतर घरीच जावं लागतं. अर्धा स्टार याचा कापला.

फी महिन्याला 500. ज्यांना जमत नाही त्यांच्याकडून मॅडम काय घेतात मला माहीत आहे, पण ते इथं लिहिलेलं त्यांना आवडणार नाही.

परीक्षेच्या दिवशी पोरगी दुपारचा पेपर देऊन बाहेर आली तेव्हा उत्तरपत्रिकेची कॉपी हातात होती. अंतरिम उत्तरसूची आल्यावर आम्ही दोघी रात्री बसून तपासलं, निकालात 196 आले. पात्र झाली, यादीत नाही आली. यादीत आली असती तर वर्षाला 7500 मिळाले असते आणि ते आम्हाला लागत होते, खोटं कशाला बोलू. पण 138 वरनं 196 वर ती तीन महिन्यांत आली, आणि त्या रात्री उत्तरसूची मी वाचत होते तर तिनं स्वतः लाल, हिरवा आणि निळा असे तीन पेन काढून ठेवले होते. मी खूण करायला गेले तर म्हणाली, "थांब आई, ही हिरवी आहे, मला येत होतं."

मी स्वतः ही परीक्षा सातवीला दिली होती, तेव्हा ती चौथी-सातवीलाच असायची, मग 2016-17 पासून पाचवी-आठवीला गेली आणि आता परत चौथी-सातवीला आणायचं ठरलंय. माझा धाकटा सहावीत आहे, त्याचं नाव मॅडमकडं आत्ताच सांगून ठेवलंय. तुम्ही जाणार असाल तर शाळा सुरू व्हायच्या आधी जा, आणि जाताना मार्कांची यादी नको, पोराच्या चुकलेल्या उत्तरपत्रिका घेऊन जा.