कोजागिरीला गच्चीवर कुठला किशोर?

आमच्या जुळे सोलापुरातल्या अपार्टमेंटमध्ये कोजागिरी म्हणजे तंबोला, अंताक्षरी आणि अकरा वाजता मसाला दूध. यंदा कुणीतरी प्रोजेक्टर मिळवला आणि गच्चीवर सिनेमा लावायचं ठरलं. किशोरकुमारचाच विनोदी सिनेमा हवा, यावर पाच मिनिटांत एकमत झालं. कुठला हवा, यावर मात्र ग्रुपवर तीन दिवस नुसता कालवा. शेवटी ‘तूच बघ बे आणि सांग’ म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. ‘चलती का नाम गाडी’, ‘पडोसन’ आणि ‘हाफ टिकट’ असे तिन्ही पुन्हा बघून झालेत. तुमच्याही गच्चीवर हाच घोळ चालू असेल तर बघा, उपयोग होतोय का.

आधी एक गोष्ट. घरी एकट्यानं बघायचा सिनेमा आणि पन्नास माणसांत, शेंगाचटणी लावलेल्या कडक भाकरीचे तुकडे मोडत बघायचा सिनेमा, यात फरक आहे. मला सगळ्यात आवडतो तो मी सुचवत नाहीये, हे आत्ताच सांगून टाकतो.

मला आवडतो तो ‘चलती का नाम गाडी’. १९५८ सालचा, दिग्दर्शक सत्येन बोस, संगीत सचिनदेव बर्मन यांचं. अशोककुमार, अनुपकुमार आणि किशोरकुमार हे सख्खे भाऊ पडद्यावरही भाऊच झालेत आणि तिघं मिळून गॅरेज चालवतात. थोरल्याला बायकांचं वावडं. भर पावसात रात्री मधुबालाची गाडी बंद पडते, ती भिजत गॅरेजमध्ये येते, आणि अर्धवट झोपेतला धाकटा भाऊ पाना हातात घेऊन गायला लागतो. त्या गाण्यात तो पान्याचा, गाडीच्या पत्र्याचा ठेका कसा धरतो ते बघा. गाणारा माणूस स्वतःच अभिनय करत असला की काय होतं, ते त्या चार मिनिटांत कळतं. आवाज आधी आला की भुवई आधी हलली, सांगता येत नाही. दुसऱ्या कुणी गायलं असतं आणि तिसऱ्यानं ओठ हलवले असते तर ती गंमत निम्म्यावर आली असती.

बाई दुरुस्तीचे पाच रुपये बारा आणे न देताच जाते आणि पुढचं सगळं त्या उधारीवरून सुरू होतं. मजा म्हणजे १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे चालू झाले होते, तरी वर्षभरानंतरच्या सिनेमात हिशेब आण्यांतच. आमच्याकडच्या आजोबांनी हे लगेच पकडलं. “नवे पैसे आले म्हणून तोंडातले आणे थोडेच जातात?” म्हणाले.

मग अडचण काय? पहिली अडचण चंद्राची. कोजागिरीला गच्ची लख्ख उजळलेली असते आणि या सिनेमाचा जीव आहे रात्रीच्या अंधारात, पावसात, गॅरेजच्या कोपऱ्यात. परवाच्या चांदण्यात चाचणी म्हणून लावून बघितला, तर मधुबालाच्या जागी राखाडी डाग हलत होता. दुसरी अडचण शेवटाची. खलनायकाच्या हवेलीचा भाग सुरू झाला की विनोद आटतो आणि मारामारी वाढते. गच्चीवर त्याच वेळी दूध उकळायला लागतं, मग कोण बघतंय? आजी-आजोबांसाठी, बंद खोलीत, पावसाळ्यातल्या रविवारी दुपारी लावायचा असेल तर मात्र डोळे झाकून हाच लावा.

‘पडोसन’वर मतं सगळ्यात जास्त पडली होती. १९६८ सालचा, तिघांतला एकटाच रंगीत, त्यामुळे पोरं ‘काळा-पांढरा नको’ म्हणून कुरकुरणार नाहीत. राहुलदेव बर्मन यांची गाणी अशी, की सिनेमा न बघितलेल्यांनाही पाठ. पण ‘किशोरचा सिनेमा’ म्हणून लावणार असाल तर लक्षात घ्या, इथं नायक सुनील दत्त आहे. किशोरकुमार त्याचा गुरू विद्यापती. धोतर, डोळ्यांत काजळ, तोंडात पान, मागेपुढे नाटकमंडळींचा गोतावळा. भोळ्याला शेजारच्या खिडकीतली सायरा बानू आवडलेली, पण गळा नाही. म्हणून गुरू मागे लपून गातो आणि चेला खिडकीत तोंड हलवतो. म्हणजे हिंदी सिनेमा वर्षानुवर्षं जे चोरून करत आला, तेच इथं कथानक करून टाकलंय. पार्श्वगायनावरचा याहून चांगला विनोद मी तरी पाहिलेला नाही.

आणि तो सवाल-जवाब! एका खिडकीत मेहमूदचा संगीतशिक्षक, त्याला आवाज मन्ना डेंचा. समोरच्या खिडकीत सुनील दत्त, त्याच्यामागे किशोर. शास्त्रीय बैठक पक्की असलेल्या मन्ना डेंनी हरायचं आणि शास्त्रीय गाणं रीतसर न शिकलेल्या किशोरनं जिंकायचं, हे कुठल्याही गायनक्लासच्या सरांना पटणार नाही. पण बघताना हसून पोट दुखतं. त्या गाण्याचा मुखडा त्याआधी १९४१ च्या ‘झूला’मध्ये अशोककुमारनं गायला होता. म्हणजे थोरल्या भावाची साधी वस्तू धाकट्यानं घेतली आणि तिचं पार भिरभिरं करून टाकलं.

तरी मी थांबलो, तो आपल्या सोलापूरमुळे. तो संगीतशिक्षक दाक्षिणात्य आहे. शेंडी, लुंगी, हेल काढून बोललेली हिंदी, आणि निम्मा विनोद त्या हेलावरच. सोलापुरात निम्मी चादर तेलुगू बोलणाऱ्या हातांनी विणलेली आहे. आमच्या बिल्डिंगमधली दोन घरं शहराच्या पूर्व भागातून इकडं आलेली, घरात तेलुगू, दारात मराठी, आणि भांडायला दोन्ही. त्यातला एक माझा शाळेपासूनचा मित्र. त्याला सरळ विचारलं, तुला चालेल का?

“तो पिल्लई आहे बे. आमचा नाही, तिकडं खालचा,” तो हसत म्हणाला. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, “मी तर दहा वेळा बघितलाय. मला काय होत नाही. पण दुसऱ्या दिवशी खाली क्रिकेट खेळताना पोरं माझ्या पोराला कुठल्या आवाजात हाक मारतील, ते तू सांग.”

यावर मला काही उत्तर सुचलं नाही. सिनेमा वाईट आहे असं मी म्हणत नाही, त्यानंही म्हटलं नाही. नुसती मोठी माणसं, जुनी ओळख, सगळे एकमेकांना पुरते ओळखून असलेले, असा कट्टा असेल तर ‘पडोसन’सारखी मैफल नाही. पन्नासांतली वीस पोरं असतील तर मी लावणार नाही.

राहिला ‘हाफ टिकट’. १९६२, दिग्दर्शक कालिदास, संगीत सलिल चौधरी, गीतं शैलेंद्र. सिनेमा म्हणून तिघांत सगळ्यात विस्कळीत. श्रीमंत बापाचा कारटा लग्न टाळून मुंबईला पळतो, तिकिटाला पैसे पुरत नाहीत. रांगेत एका आईबरोबरचं जाडजूड पोर दिसतं, आणि हा बाबा अर्धी चड्डी घालून ‘मुन्ना’ होतो आणि हाफ तिकिटावर गाडीत चढतो. प्राण हा हिऱ्यांचा तस्कर, तो या मुन्न्याकडे त्याच्या नकळत हिरा लपवतो. पुढं सगळी पळापळ. तर्क शोधायला गेलात तर दुसऱ्या रिळातच उठून जाल.

पण गच्चीला तर्क लागत नाही. मध्येच उठून कुणी वाटी आणायला गेलं, कुणी बाळाला झोपवून आलं, तरी काही बिघडत नाही. परत येऊन बसलं की किशोर काहीतरी वेडेपणा करतोच आहे. प्रसंगही बरेचसे उजेडातले, त्यामुळे चांदण्यातही चेहरे दिसतात. चाचणीला माझी आठ वर्षांची भाची होती. चड्डीतला मुन्ना बघून ती जी सुटली, ती थांबेचना. मग विचारलं, “मामा, हाफ तिकीट म्हणजे?” बरोबरच आहे. २०१६ पासून पाच ते बारा वर्षांच्या मुलाला रेल्वेत वेगळा बर्थ घेतला की पूर्ण भाडं पडतं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला जाताना तिचं तिकीट कायम पूर्णच काढलंय. तिला अर्ध्याचं कौतुक कुठून असणार?

शिवाय यात ते गाणं आहे, ज्यात बाप्या आणि बाई दोघांचेही आवाज किशोरनंच काढलेत. बाईचा भाग लता मंगेशकरांनी गायचा होता, त्यांना जमलं नाही, म्हणून यानं दोन्ही गायले, असं सांगतात. पडद्यावर बाईच्या वेशातला किशोर आणि समोर नाचणारा प्राण. एरवी ज्याच्या नुसत्या बघण्यानं पोरांनी आईचा पदर धरायचा, तो प्राण इथं ठुमकताना बघून आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू एवढ्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. चाचणीत कुणी मोबाइल खाली ठेवला असेल तर तेवढ्या वेळात.

तेव्हा लहान पोरं असतील आणि गच्ची उघडी असेल तर ‘हाफ टिकट’. वेळेचा हिशेब मात्र आधी करा. तिन्ही सिनेमे अडीच तासांच्या पुढं जातात. आम्ही साडेआठला सुरू करणार, अकराच्या सुमाराला दूध, आणि उरलेला ज्याला बघायचाय त्यानं बसावं.

पडद्याचं काय, ते सांगायचं राहिलंच. गावभर चादरींची दुकानं, पण बिनफुलांची, बिनमोराची, नुसती पांढरी डबल चादर मागितली की दुकानदार तोंडाकडं बघतो. चाचणीला मी घरातली फिकट चौकटीची लावली होती, तर प्राणच्या गालावर सबंध गाणंभर चौकोन. काल टिळक चौकात तिसऱ्या दुकानात साधी पांढरी मिळाली. घडीच्या रेषा अजून जात नाहीयेत. बायको म्हणते पाणी शिंपडून दोरीवर ताणून ठेव, इस्त्री मी नंतर फिरवते.