घाण्याचे करडई तेल चांगलेच, भिंतीवरचे दावे मात्र सोडून द्यावेत

लातूरच्या गंजगोलाई या गोल बाजारपेठेला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एका रस्त्यावर, कापडाच्या आणि भांड्यांच्या दुकानांच्या मधोमध, काही वर्षांपासून लाकडी घाण्याचे एक दुकान चालू आहे. लातूर हे सोयाबीनच्या बाजारपेठेचे शहर असल्याने इथे तेलाला तोटा नाही. पण ज्या करडईच्या तेलावर मराठवाड्यातल्या मागच्या पिढ्यांची भाकरी-चटणी चालली, ते किराणा दुकानाच्या फळीवरून जवळजवळ हद्दपार झाले आहे. ते पुन्हा घरात यावे म्हणून मी या दुकानाचा ग्राहक झालो आणि अजूनही आहे. तेलाबद्दल माझे मत चांगले आहे. ते विकण्यासाठी दुकानदार जे सांगतो त्याबद्दल मात्र तसे म्हणता येणार नाही.

आधी करडईबद्दल, कारण या दुकानात जाण्याचे खरे कारण तेच आहे. करडई हे रब्बीचे पीक आहे. तिचे सोटमूळ काळ्या जमिनीत खोलवर जाऊन परतीच्या पावसाची मुरलेली ओल शोधून घेते, त्यामुळे पाण्याची पाळी न देताही ती उभी राहते. एप्रिल २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहराच्या परिसरात कमी पाण्यावर येणाऱ्या तेलबियेचे महत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्वारीच्या रानाच्या कडेने करडई पेरण्याची जुनी पद्धत होती. तिच्या काटेरी पानांमुळे जनावर आत घुसत नसे. तेच काटे पुढे पिकाच्या मुळावर आले. काढणीला मजूर मिळेनात, पहाटे दवाने काटे मऊ असतील तेवढ्या वेळातच काम उरकावे लागे, आणि खरिपातले सोयाबीन रोख पैसा देऊ लागल्यावर करडईचे क्षेत्र आटत गेले. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखे वाण दिले, तरी पेरणारे हात कमीच राहिले. औसा आणि निलंगा भागातल्या शेतकऱ्यांकडून थेट बी घेतो, असे दुकानदार सांगतो. पोत्यांतले बी हातात घेऊन पाहिले तर ते टपोरे, पांढरे आणि चकचकीत असते, खडा-माती फारशी नसते. या एका बाबतीत दुकानाला पूर्ण गुण द्यावेत.

घाणा दुकानाच्या मागच्या भागात आहे आणि तो पाहण्यास कोणालाही मज्जाव नाही. बैलाची जागा विजेच्या मोटारीने घेतली असली तरी उखळ आणि आत फिरणारे मुसळ लाकडाचेच आहे, आणि त्याची गती इतकी संथ आहे की एक फेरा डोळ्यांनी सहज मोजता यावा. कामगार बी ओततो, थोडे पाणी शिंपडतो, आणि काही वेळ नुसता टरफले फुटण्याचा करकर आवाज येत राहतो. मग भुगा काळपट आणि चिकट होऊ लागतो, कडेला तेलाची ओली रेघ दिसते, आणि तोटीतून पिवळसर, गढूळ तेल फडक्यावरून स्टीलच्या पिंपात पडू लागते. तोटीखाली बोट धरले तर तेल कोमट लागते, चटका बसत नाही. करडईच्या दाण्यात साधारण ३० टक्क्यांच्या आसपास तेल असते आणि लाकडी घाणा त्यातला बराच भाग पेंडीतच सोडतो. मोठ्या कारखान्यात हेक्झेनसारखे द्रावक वापरून पेंडीतला जवळजवळ शेवटचा थेंबही ओढून घेतात. किमतीतला मोठा फरक इथून सुरू होतो, आणि त्यात दुकानदाराची लबाडी आहे असे समजण्याचे कारण नाही.

गाळलेले तेल दोन-तीन दिवस निवळू द्यावे लागते. निवळल्यावर त्याचा रंग फिकट सोनेरी होतो आणि वास सौम्य, किंचित भाजलेल्या बियांसारखा येतो. गरम भाकरीवर तिखट-मीठ आणि त्यावर हे कच्चे तेल, किंवा शेंगदाण्याच्या चटणीत मधोमध खळगा करून ओतलेली धार, ही याची खरी जागा. फोडणीसही ते चालते, मात्र मंद आचेवर. तळणासाठी ते घेऊ नये, असे मी स्पष्टच म्हणेन. करडई तेलातील स्निग्धाम्लांपैकी ७० टक्क्यांहून अधिक भाग लिनोलिक आम्लाचा असतो, आणि ही बहुअसंतृप्त जात उष्णता, उजेड व हवा यांच्यापुढे लवकर बिघडते. त्यातही न शुद्धीकरण केलेले तेल रिफाइंड तेलाच्या मानाने फार लवकर धुरावते. दिवाळीच्या चकल्या या तेलात तळून उरलेले तेल पुढे महिनाभर भाज्यांना वापरणे म्हणजे महागडे तेल घेऊन त्याचा गुण स्वतःच घालवणे आहे. तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल तापून बिघडताना त्यात तयार होणारे घटक, २५ टक्क्यांवर गेली की ते तेल खाण्यास अयोग्य, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. घरात ते मोजता येत नाही. पण तेल काळवंडले, घट्ट झाले, फेसाळू लागले, की समजावे. असे तेल मोरीत ओतू नये. पाइपमध्ये ते चिकटून बसते आणि पुढे नाल्यातल्या पाण्यावर त्याचा तवंग येतो.

आता भिंतीकडे वळू. गल्ल्याच्या मागे एक मोठा फ्लेक्स लावलेला आहे. ‘प्लास्टिकमुक्त जीवनशैली’ हे घोषवाक्यही त्याच प्लास्टिकच्या फ्लेक्सवर छापले आहे, हे जाता जाता नोंदवतो. त्यावर हे तेल ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असल्याचे ठळक अक्षरांत लिहिले आहे. ते खरे आहे, पण कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या सर्वांत स्वस्त सोयाबीन तेलाबद्दलही ते तितकेच खरे आहे, कारण कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असते आणि वनस्पती तेलात ते नावालाही नसते. त्याखाली रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी आणि थायरॉइड यांवर ‘गुणकारी’ अशी यादी आहे. तूप-डालड्याच्या जागी असंतृप्त तेल वापरल्याने रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते, एवढे विज्ञान सांगते. पण ते आहारात केलेल्या बदलाबद्दलचे विधान आहे, ती औषधाची हमी नव्हे. डॉक्टरांनी दिलेली गोळी या फलकाकडे पाहून कोणी बंद करू नये. शिवाय करडई तेलात ओमेगा-३ हे शरीराला लागणारे स्निग्धाम्ल जवळजवळ नसते, म्हणून घरात केवळ हेच एक तेल ठेवण्याचा आग्रहही योग्य नाही. तेलाचे प्रमाण मर्यादित ठेवावे आणि स्निग्ध पदार्थांत विविधता असावी, हा राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला घाण्याच्या तेलालाही लागू आहे. एक चमचा तेलात जेवढ्या कॅलरी असतात तेवढ्या असतात. मुसळ लाकडाचे होते म्हणून त्या कमी होत नाहीत.

याच्याच जोडीला ‘रिफाइंड म्हणजे विष’ हे वाक्य गल्ल्यावर सर्रास ऐकू येते. ते मला पटत नाही. शुद्धीकरणात वास, रंग आणि काही जीवनसत्त्वे जातात हे खरे, पण त्याच प्रक्रियेत काही घातक घटकही निघून जातात. शेंगदाणा तेलाचे उदाहरण घ्यावे. दमट जागी ठेवलेल्या शेंगदाण्यांवर बुरशी धरली तर त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते आणि ते यकृताला अपायकारक असते. कारखान्यातल्या अल्कलीच्या शुद्धीकरणात ते बहुतांशी निघून जाते, घाण्यावर मात्र तसेच तेलात उतरू शकते. म्हणजे घाण्याच्या शेंगदाणा तेलाची सुरक्षितता संपूर्णपणे दाणे निवडण्यावर अवलंबून आहे. या दुकानात करडईचे बी जसे उघड्यावर पाहता येते तसे शेंगदाण्याचे पोते सहजी दाखवले जात नाही. ते मागून पाहावे, आणि काळपट, सुरकुतलेले किंवा कुबट वासाचे दाणे दिसले तर तेल घेऊ नये.

माझी मुख्य तक्रार साठवणुकीची आहे. भरलेल्या पारदर्शक बाटल्या पश्चिमेकडच्या दाराशी मांडलेल्या असतात आणि दुपारनंतर त्यांच्यावर थेट ऊन पडते. मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत त्या बाटलीतल्या तेलाचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको. एकदा तिथून आणलेल्या बाटलीला स्पष्ट खवट वास होता. दुकानदाराने ती बिनतक्रार बदलून दिली, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. बाटल्यांची जागा मात्र बदलली नाही. लेबलवर १४ अंकी परवाना क्रमांक आहे आणि पॅकिंगची तारीखही आहे, पण तेल गाळले कधी ते कळत नाही, आणि घाण्याच्या तेलात नेमके तेच महत्त्वाचे असते. त्यामुळे मी आतल्या अंधाऱ्या खोलीतला पत्र्याचा छोटा डबाच मागून घेतो. घरी तो चुलीपासून दूर ठेवतो आणि दोन महिन्यांत संपेल एवढेच तेल आणतो.

स्वतःचे भांडे नेऊन तेल भरून आणावे, असे पर्यावरणाचा विचार करणाऱ्या कोणालाही वाटेल. इथे कायद्याची अडचण आहे आणि तिला कारणही आहे. १९९८ मध्ये दिल्लीत पिवळ्या धोतऱ्याच्या बियांची भेसळ झालेल्या मोहरीच्या तेलामुळे जलशोथाची, म्हणजे अंगाला सूज आणणाऱ्या आजाराची, साथ पसरली, माणसे दगावली, आणि त्यानंतर खाद्यतेल पॅकबंदच विकण्याचा आदेश निघाला. आजच्या अन्नसुरक्षा नियमांतही राज्य सरकारने सूट दिली नसेल तर सुटे खाद्यतेल विकता येत नाही. म्हणून दुकानदार पिंपातून किटलीत तेल ओतून देण्यास नकार देतो तेव्हा त्याच्यावर रागावू नये. रिकामे पत्र्याचे डबे तो परत घेतो आणि त्यापोटी थोडे पैसेही वळते करतो. पेंड तर वायाच जात नाही. संध्याकाळी दुधाच्या किटल्या रिकाम्या करून गावाकडे परतणारे गवळी ती मोटारसायकलवर लादून नेतात, आणि घाण्याच्या पेंडीत तेलाचा अंश जास्त राहत असल्याने तिला मागणीही चांगली आहे.

बाकी मालाबद्दल थोडक्यात. जवसाचे तेल ताजे असेल तरच घ्यावे आणि ते गरम करू नये. ओमेगा-३ हवे असेल तर घरी जवस भाजून केलेली चटणी अधिक स्वस्त आणि अधिक टिकाऊ आहे. तिळाचे तेल उत्तम आहे. वाळवलेल्या करडईच्या पाकळ्या ‘हर्बल चहा’ म्हणून फार चढ्या भावाने विकल्या जातात. रंग सुरेख येतो, चव जवळजवळ नसते. गरोदर स्त्रियांनी आणि रक्त पातळ करण्याची औषधे घेणाऱ्यांनी या पाकळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, ही सूचना पाकिटावर असायला हवी होती, ती नाही. रिठा-शिकेकाईची पावडर बाहेरून येते; ती गंजगोलाईतल्या कोणत्याही जुन्या काष्ठौषधींच्या दुकानात अख्ख्या स्वरूपात आणि कमी दरात मिळते.

करडई तेलाचा भाव रिफाइंड सोयाबीन तेलाच्या दुपटीहून अधिक आहे, आणि चार-पाच माणसांच्या घराला सगळा स्वयंपाक त्यावर करणे परवडणारे नाही. त्यावर उपाय याच दुकानात आहे, पण फ्लेक्सवर त्याचा उल्लेखही नाही: आपले बी आपण आणल्यास किलोमागे ठरावीक मजुरी घेऊन तेल काढून देतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी करडई बाजारात येते तेव्हा गावाकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून बी घ्यावे, कडक उन्हात एक-दोन दिवस चांगले वाळवावे, चाळून-पाखडून घ्यावे आणि घाण्यावर न्यावे. डोळ्यांसमोर निघालेले तेल आपल्याच स्टीलच्या डब्यात भरून मिळते, त्यामुळे बाटलीचा, तारखेचा आणि उन्हाचा प्रश्न एकदमच मिटतो. पेंड दुकानात ठेवली तर मजुरीत सूट देतात. सकाळी लवकर गेलेले बरे, कारण दुपारी वीज गेली की घाणा थांबतो आणि अर्धवट फुटलेले बी उखळातच अडकून पडते. डबा नेताना तो आतून पूर्ण कोरडा आहे ना, हे पाहून न्यावा. तळाशी थेंबभर जरी पाणी राहिले तरी तेल लवकर खवट होते.