कलादालनाचे वार्षिक सभासदत्व : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या जूनमध्ये मी कोल्हापुरातील एका लहान कलादालनाची वार्षिक सभासद झाले. त्याला आता नऊ महिने होत आहेत. वर्गणी १,८०० रुपये असून तिच्यात सर्व प्रदर्शनांना व व्याख्यानांना प्रवेश, कार्यशाळांच्या शुल्कात वीस टक्के सवलत आणि वाचनकक्षाचा वापर एवढे मिळते. मी व्यवसायाने लेखापाल आहे आणि शाळेतील चित्रकलेच्या तासानंतर मी हातात कुंचला धरला नव्हता. दालनाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि सांगायच्या गोष्टी कोणत्याही गावातील दालनाचे सभासदत्व घ्यावे की नाही असा विचार करणाऱ्याला उपयोगी पडाव्यात अशी इच्छा आहे.

या काळात मी अकरा प्रदर्शने पाहिली, सात व्याख्यानांना बसले आणि दोन कार्यशाळा पूर्ण केल्या. तिसरी कार्यशाळा झालीच नाही, त्याविषयी पुढे लिहिते. पहिले दोन महिने मी केवळ प्रदर्शने पाहात होते आणि खरे सांगायचे तर त्या दोन महिन्यांत वर्गणी वाया गेली असे मला वाटू लागले होते. भिंतीवर तीस-पस्तीस चित्रे असत, मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाई, चांगली वाटलेली दोन-तीन चित्रे पुन्हा पाही आणि पंधरा-वीस मिनिटांत बाहेर येई. चित्रात काय आहे ते कळत होते, पण ते तसे का आहे हे विचारण्यासाठी लागणारे शब्द माझ्याकडे नव्हते.

हे बदलले ते ऑगस्टमधील लिनोकटच्या, म्हणजे लिनोलियमवर चित्र कोरून त्याचे ठसे काढण्याच्या कार्यशाळेने. चार रविवार, प्रत्येकी तीन तास, बारा जण आणि शिकवणारे एक मुद्राचित्रकार अशी तिची मांडणी होती. लिनोलियम म्हणजे जवसाचे तेल आणि बुचाच्या झाडाच्या सालीची भुकटी एकत्र करून तागाच्या कापडावर बसवलेला जाड थर, ही माहिती पहिल्याच तासाला मिळाली आणि ती लगेच उपयोगी पडली. त्या दिवशी बाहेर संततधार होती, हवेत गारवा होता आणि लिनो इतका कडक झाला होता की कोरणी त्यावरून घसरत होती. सरांनी सगळ्यांना आपापला तुकडा दिव्याखाली दोन मिनिटे धरायला लावला. तो कोमट होताच कोरणी लोण्यातून फिरावी तशी फिरू लागली. कोरणीच्या पुढे दुसरा हात कधीही आणायचा नाही, हा नियम ते दर दहा मिनिटांनी सांगत होते आणि तरीही दुसऱ्या रविवारी एका मुलाच्या बोटाला पट्टी बांधावी लागली.

मी पंचगंगेच्या घाटावरील एका दीपमाळेचे रेखाटन घेऊन गेले होते. लिनोकटमध्ये जे कोरून काढायचे ते कागदावर पांढरे राहते आणि जे ठेवायचे ते काळे उमटते. वाक्य म्हणून हे अगदी सोपे आहे, पण हाताला ते समजायला मला दोन रविवार लागले. काळ्या दगडाच्या दीपमाळेमागचे ढगाळ आकाश पांढरे हवे, म्हणून आधी आकाश कोरायचे. दगडावर पडलेला उजेड दाखवायचा, तर दगडात उजेड खणून काढायचा. शिवाय सगळे उलटे उमटते. घाटावरच्या एका पाटीवरील तीन अक्षरे मी सरळ कोरली आणि पहिला ठसा काढल्यावर ती आरशात पाहिल्यासारखी दिसली. सरांनी तो ठसा फेकू दिला नाही. पुढचे ठसे काढताना समोर असावा म्हणून त्यांनी तो दोरीवर वाळत घातला.

शाई लावण्याच्या तासाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते संपूर्ण कार्यशाळेतील तो सर्वांत मोलाचा भाग होता. काचेवर शाई घेऊन रोलर फिरवला की सुरुवातीला ओला, फटफट असा आवाज येतो. शाई जास्त आहे याची ती खूण. रोलर फिरवत राहिले की आवाज बारीक होत जातो आणि शेवटी रेशमी कापड घासल्यासारखी सळसळ ऐकू येते. ती ऐकू आली की मगच रोलर लिनोवर न्यायचा. आमच्याकडे छपाईयंत्र एकच असल्याने निम्म्या जणांनी कागदाच्या पाठीवर स्टीलच्या चमच्याची बाहेरची बाजू घासून ठसे घेतले आणि ते यंत्रावरच्या ठशांपेक्षा किंचित असमान, पण जिवंत आले. मी दहा ठसे काढले. प्रत्येकाखाली पेन्सिलीने डावीकडे १/१०, २/१० असे क्रमांक, मध्ये शीर्षक आणि उजवीकडे सही करायची, हेही तेव्हाच शिकले. तोवर प्रदर्शनात चित्राखाली असा अपूर्णांक पाहिला की ही छापील प्रत आहे, मग एवढी किंमत कशाला, असा प्रश्न माझ्या मनात येत असे. दहा ठसे स्वतःच्या हाताने काढल्यावर आणि त्यांतील चार नापास ठरवल्यावर तो प्रश्न पुन्हा आला नाही.

सप्टेंबरमध्ये त्याच सरांनी मुद्राचित्रांच्या प्रदर्शनात व्याख्यान दिले. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या छापखान्यापासून त्यांनी सुरुवात केली. आपल्या आजीच्या देवघरात असलेली लक्ष्मी आणि सरस्वतीची चित्रे शिळाछापाने, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करून छापली जात असत, हे त्यांनी सांगितले आणि मग भिंतीवरील एका आधुनिक शिळाछापासमोर सर्वांना उभे करून त्यातील रंग कोणत्या क्रमाने आले असावेत ते ओळखायला लावले. आम्ही पंचवीस जण त्या एका चित्रासमोर जवळपास वीस मिनिटे उभे होतो. दोन महिन्यांपूर्वी मी संपूर्ण दालनाला तेवढा वेळ देत होते.

व्याख्यानांबाबत माझे मत यामुळे पक्के झाले आहे. जी व्याख्याने दालनात, चित्रांसमोर उभे राहून झाली ती सर्व लक्षात राहिली. जी वरच्या सभागृहात प्रोजेक्टर लावून झाली त्यांतील फार थोडे उरले. सभागृहातील कार्यक्रमात दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय आणि शाल-श्रीफळ यांतच पाऊण तास जातो, आणि ज्यांचे ऐकायला आपण गेलेलो असतो त्यांना वेळेअभावी आटोपते घ्यावे लागते. सत्कार व्हावा, त्यात गैर काही नाही, पण तो शेवटी ठेवला तर प्रश्नोत्तरांना जागा मिळेल, असे मी अभिप्रायवहीत दोनदा लिहिले आहे.

याला एक अपवाद मात्र झाला. नोव्हेंबरमध्ये चित्रपटांचे फलक रंगवण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या एका ज्येष्ठ चित्रकारांचे व्याख्यान सभागृहातच होते आणि तरीही ते नऊ महिन्यांतील सर्वांत चांगले ठरले. वीतभर छायाचित्रावर चौकटी आखायच्या, वीस फुटी फलकावर तितक्याच संख्येने, पण मोठ्या चौकटी पाडायच्या आणि प्रत्येक चौकटीतले जसेच्या तसे मोठे करायचे, ही पद्धत त्यांनी फळ्यावर करून दाखवली. फलकाजवळ उभे राहिल्यावर नाक, डोळा असे काही दिसतच नाही, केवळ रंगाचे डाग दिसतात. म्हणून दर थोड्या वेळाने रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन पाहावे लागे, हे ऐकल्यापासून मी कोणतेही मोठे चित्र आधी दुरून, मग जवळून आणि पुन्हा दुरून पाहते. ते बोलता बोलता बाबूराव पेंटर यांच्याकडे वळले. बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव आधी नाटकांचे पडदे रंगवत होते आणि १९१८ च्या सुमारास बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, हे कोल्हापुरात लहानपणापासून कानावर पडलेले असते. पण पडदा रंगवणाऱ्याला प्रकाश कोठून येतो हे आधी ठरवावे लागते आणि तीच सवय कॅमेऱ्यामागे उपयोगी पडते, हा दुवा मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

डिसेंबरमधील जलरंगाची कार्यशाळा रंकाळ्यावर, सकाळी सात ते दहा अशी तीन दिवस झाली. पहिल्या दिवशी प्रात्यक्षिक होते. शिकवणाऱ्या बाईंनी ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद फळीला चारी बाजूंनी चिकटवून घेतला, आधी सर्वांत फिकट वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा थर, टाकला आणि तो वाळेपर्यंत स्वतःही थांबल्या, आम्हांलाही थांबवले. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग बाहेरून आणायचा नसतो, कागदच पांढरा ठेवायचा असतो. त्यामुळे पाण्यावरची चकाकी कोठे ठेवायची हे कुंचला टेकवण्यापूर्वी ठरवावे लागते. लिनोमध्ये उजेड कोरून काढला होता, येथे तो राखून ठेवायचा होता. माझे तिन्ही दिवसांचे काम चिखलासारखे झाले, कारण खालचा थर ओला असतानाच मी वरचा लावत होते. तिसऱ्या दिवशी एका कोपऱ्यात दोन इंचांचा तुकडा स्वच्छ राहिला, तो मी कापून वहीत चिकटवला आहे.

त्यानंतरच्या रविवारी मी स्वतःहून टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात गेले. शाळेच्या सहलीत ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेवतेची लहानशी कांस्यमूर्ती पाहिल्याचे आठवत होते, चित्रे आठवत नव्हती. या वेळी शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार अबालाल रहिमान यांच्या चित्रांसमोर थांबले. १९२२ मध्ये शाहू महाराज गेल्यावर अबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थ तलावात बुडवली असे कोल्हापुरात सांगतात आणि ही कथा मला चित्रांपेक्षा अधिक ठाऊक होती. आता मात्र रंग कोठे पातळ वाहू दिला आहे, कोठे लहान लहान ठिपक्यांनी पाने उभी केली आहेत, कोठे थांबून थर वाळू दिला असेल, हे शोधत मी तासभर तेथे होते. याचे श्रेय मी कलादालनाच्या कार्यशाळेला देते, आणि वर्गणीची फेड तेथेच झाली असे मानते.

आता तक्रारी. जानेवारीत भित्तिचित्रांची कार्यशाळा होणार होती. ती आदल्या दिवशी संध्याकाळी दूरध्वनीवरून रद्द झाल्याचे कळवण्यात आले. शुल्क परत मिळण्यास पाच आठवडे आणि तीन फेऱ्या लागल्या, आणि दिलेल्या यादीप्रमाणे आणलेल्या साहित्याचा खर्च माझ्याच अंगावर पडला. त्याहून मला अधिक खटकते ती चित्रांखालच्या पट्ट्यांची भाषा. माहिती इंग्रजीत लिहून मग मराठीत उतरवलेली असते आणि ते मराठी इतके अवघड असते की माझ्यासोबत आलेल्या सासूबाईंनी, ज्यांनी आयुष्यभर वाचन केले आहे, दोन पट्ट्यांनंतर वाचणे सोडून दिले. माध्यम, वर्ष आणि चित्रकार कोठे शिकला एवढे साध्या मराठीत लिहिले तरी पुरे होईल. काचेमागच्या चित्रांवर समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब पडते, ते दुपारी चारनंतर कमी होते. तेव्हा काचेतील जलरंग पाहायचे असतील तर त्यानंतर जावे. दालन सहा वाजता बंद होते, हीच नोकरी करणाऱ्यांची खरी अडचण आहे. आठवड्यातून एक दिवस तरी ते आठपर्यंत उघडे ठेवावे, अशी विनंती आम्ही नऊ सभासदांनी लेखी दिली असून तिला अजून उत्तर आलेले नाही. वाचनकक्ष लहान आहे, पण शांत आहे.

ज्यांना केवळ प्रदर्शने पाहायची आहेत त्यांनी सभासद होऊ नये. बहुतेक प्रदर्शनांना प्रवेश तसाही मुक्त असतो. ज्यांना वर्षातून निदान एक कार्यशाळा करता येईल त्यांनी मात्र आधी ती करावी, मग त्याच माध्यमाचे प्रदर्शन पाहावे आणि शक्य असेल तर त्या चित्रकाराच्या व्याख्यानाला जावे. मला हा क्रम योगायोगाने सापडला. दालनाच्या वार्षिक पत्रकात तो नियोजन म्हणून असायला हवा, असेही मी कळवले आहे.

मी पुढच्या वर्षासाठी नूतनीकरणाचा अर्ज भरला आहे. जूनमध्ये अॅक्वाटिंटची, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने छटा उठवून ठसे काढण्याची कार्यशाळा आहे, तिच्यासाठी जस्ताचा पत्रा प्रत्येकाने आपला आणायचा आहे; या वेळी मात्र कार्यशाळा होणार हे कळल्यावरच मी तो विकत घेईन.