सोमवारी घारापुरीला निघालो त्याची गोष्ट

शनिवार-रविवारची गर्दी टाळून सोमवारी मुंबई दाखवायची, हा शहाणपणा माझाच. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सांगलीहून निघालो आणि सकाळी सीएसएमटीला उतरलो. मी, बायको, आई, आठवीतला मुलगा आणि चौथीतली मुलगी. मुलांना घारापुरीची त्रिमूर्ती बघायची होती.

गेटवेजवळ फोटोवाले मागं लागले. एका फोटोचा भाव सांगायचा आणि वीस-पंचवीस छापून हातात ठेवायचे, ही त्यांची रीत मला ठाऊक होती. त्यांना शिताफीनं टाळलं. त्यामुळे जरा छाती फुगलेलीच होती.

तेवढ्यात तो आला. गळ्यात ओळखपत्र, बोलणं स्वच्छ मराठी. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, थेट आईला म्हणाला, "आजी, तुम्ही सावलीत बसा. रांगेत कशाला उभ्या राहताय?" आई तिथंच विरघळली. "गुणी पोरगं हाय," म्हणाली.

जाऊन-येऊन बोट, जेटीवरची छोटी रेल्वे, लेण्यांचं तिकीट आणि गाईड, सगळं मिळून माणशी साडेसहाशे. मुलांनाही तेवढेच. पाच जणांचे सव्वातीन हजार झाले; मी घासाघीस करून तीन हजारांवर आणले आणि जिंकल्यासारखं वाटलं. "नेटवर्क नाही, रोख द्या," म्हणाला. दिले. त्यानं पाच चिठ्ठ्या दिल्या. मी त्या मोजल्या, वाचल्या नाहीत. त्यांवर इंग्रजीत 'हार्बर क्रूझ' असं स्पष्ट छापलेलं होतं.

बोटीवरच्या एका पोरानं वरच्या मजल्यावर बसायचे वेगळे पैसे मागितले, तेव्हा मात्र मी त्या पोराशी दहा-दहा रुपयांवरून कडाकडा भांडलो. ती तिथली नेहमीची पद्धत आहे, हे नंतर कळलं.

वारा छान होता, मागं ताज लहान होत गेलं. पंधरा-वीस मिनिटांनी मुलगा म्हणाला, "बाबा, बोट वळली."

"वळसा घालत असेल."

मग गेटवेची कमान पुन्हा मोठी व्हायला लागली.

खलाशाला विचारलं. "घारापुरी? अहो, आज सोमवार. लेणी बंद. ही बंदरातली फेरी आहे." शेजारचे दोघं हसले. तो हसला नाही, एवढंच म्हणाला, "तिकीट खिडकीवर घेतलं नव्हतं ना?"

किनाऱ्यावर तो माणूस सापडला नाही. त्यानं दिलेला नंबर बंद. पोलिसांनी ऐकून घेतलं, पण पावती नाही, पैसे रोख दिलेले, दाखवणार काय?

निघायच्या आधी विचारायला हवं होतं ते सगळं परतीच्या गाडीची वाट बघत बसल्यावर कळलं. लेणी सोमवारी बंद असतात. गेटवेहून तिथं पोचायलाच साधारण तास लागतो, म्हणजे अर्ध्या तासात परत आणणारी बोट घारापुरीला जाऊच शकत नाही. बोटीचं तिकीट गेटवेपाशी खिडकीवर मिळतं. लेण्यांचं तिकीट बेटावर काढायचं: भारतीयांना 40 रुपये, आणि 15 वर्षांखालच्या मुलांना काहीच नाही. म्हणजे माझ्या दोन्ही पोरांच्या फुकट प्रवेशाचेही त्यानं पैसे लावले होते! छोट्या रेल्वेचे पैसेही तिथंच द्यायचे. वर शंभरावर पायऱ्या आहेत, त्या आईला झेपल्या असत्या का, हेही मी कुणाला विचारलं नव्हतं. ही सगळी तिकिटं एकाच चिठ्ठीत घालून देतो म्हणणारा माणूस गेटवेच्या फुटपाथवर भेटला, तर आधी चिठ्ठी वाचा आणि वार बघा.

बायकोनं तीन हजारांचा विषय सांगलीपर्यंत काढला नाही, हे तिचे उपकार. आई अजून म्हणते, "आवाज गोड होता हो त्याचा." आणि मुलीनं शाळेत सांगितलं, आम्ही बोटीतून जाऊन आलो. कुठं, ते कुणी विचारलं नाही.