जुना कन्सोल आत्ता घ्यावा, की नव्यासाठी थांबावं?

नवा कन्सोल, म्हणजे टीव्हीवर गेम खेळायचं यंत्र, येणार अशी कुणकुण लागली की जुना घ्यायला निघालेला माणूस अडतो. आज घेतला आणि सहा महिन्यांत तो मागच्या पिढीचा झाला तर? अशा वेळी मी आधी एकच गोष्ट तपासायला सांगेन: आज विकत घेतलेले गेम उद्याच्या यंत्रावर चालणार आहेत का? यंत्र एकदाच घ्यायचं असतं, गेम मात्र वर्षानुवर्षं घेतले जातात. एका हौशी खेळणाऱ्याचा खरा पैसा त्यांतच अडकलेला असतो.

निन्टेंडो कंपनीच्याच दोन कन्सोलची, वी यू आणि स्विचची, उदाहरणं शेजारी ठेवून बघा. २०१६ च्या अखेरीस ज्याने वी यू घेतला, त्याच्या यंत्राचं उत्पादन जानेवारी २०१७ मध्ये थांबलं. मार्चमध्ये स्विच आला तो गेमच्या कार्डवर चालणारा, त्यामुळे वी यूच्या डिस्क त्यात घालायचा प्रश्नच नव्हता. मार्च २०२३ मध्ये वी यूच्या ऑनलाइन दुकानातली खरेदी बंद झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन खेळही. आता २०२४ च्या अखेरीस स्विच घेणारा बघा. नवं यंत्र स्विचचे गेम चालवेल, हे कंपनीने त्याच नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं होतं. ५ जून २०२५ ला स्विच २ आला तेव्हा त्याची बहुतेक कार्डं त्यात चालली. खोच एवढीच, की गेम साठवायला स्विच २ ला मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्ड लागतं. जुनं मेमरी कार्ड त्या कामाला येत नाही.

सोनीच्या बाबतीतही तेच दिसतं. प्लेस्टेशन ३ चा सेल प्रोसेसर इतका वेगळा होता की त्याच्या डिस्क २०१३ च्या प्लेस्टेशन ४ वर चालल्या नाहीत. ४ आणि ५ यांची अंतर्गत रचना मात्र एकाच घराण्यातली, म्हणून ४ चे जवळजवळ सगळे गेम ५ वर चालतात. इथे एक चूक फार जण करतात: ४ च्या डिस्क जमवायच्या आणि मग डिस्क ड्राइव्ह नसलेला ५ घ्यायचा. मग ड्राइव्ह वेगळा घेऊन जोडता आला नाही, तर त्या डिस्क कपाटातच राहतात. पुढे कोणतं मॉडेल घेणार हे ठरल्याशिवाय डिस्क की डाउनलोड, हे ठरवू नका.

थांबणाऱ्याला काय मिळतं? जास्त ताकद, पुढची सात-आठ वर्षं, आणि सुरुवातीला बरीच वाट बघणं. प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये आला, पण चिपच्या तुटवड्यामुळे पुढची दोनेक वर्षं तो सहज मिळत नव्हता. पहिल्या खेपेतले दोषही असतात. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० मध्ये लाल दिवे लागून यंत्रच बंद पडायचं, त्या बिघाडामुळे मायक्रोसॉफ्टला २००७ मध्ये वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली. शिवाय मोठे गेम लगेच जुन्याला सोडून जात नाहीत. 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक' नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे ५ येऊन जवळजवळ दोन वर्षं झाल्यावर, ४ वरही आलाच. जुना घेणाऱ्याच्या हातात तर पहिल्या दिवसापासून अख्ख्या पिढीची निवडक गेमची पेटी असते, आणि तीही बहुतेक सवलतीत. मला स्वतःला हा मुद्दा सगळ्यांत जड वाटतो.

किमतीचा हिशेब मात्र बदलला आहे. प्लेस्टेशन २ ची किंमत नऊ वर्षांत मूळ किमतीच्या एक तृतीयांशावर आली होती. आता तसं घडेलच असं धरून चालू नका. २०२५ मध्ये अमेरिकेत स्विच, प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स, तिन्ही महागले. म्हणून 'नवा आला की जुना स्वस्त होईल' एवढ्याच आशेवर थांबण्यात अर्थ नाही. सेकंडहँड मात्र स्वस्त मिळू शकतो, कारण नवा घेणारे जुना विकायला काढतात. तसा घेताना डिस्क घालून बघा, अर्धा तास खेळून पंख्याचा आवाज ऐका, कंट्रोलरची काठी न हलवता पात्र आपोआप सरकतंय का ते बघा, आणि आधीच्या मालकाचं खातं काढलं आहे ना, याची खात्री करा.

तेव्हा नव्याची तारीख जाहीर झालेली नसेल आणि ही पिढी तुम्ही खेळलाच नसाल, तर जुना घ्या, आजच. तारीख चार-सहा महिन्यांवर असेल आणि जुने गेम चालणार हे कंपनीने सांगितलं असेल, तर थांबा; सवलतीत दिसणारे गेम तेवढे आत्तापासून घेऊन ठेवा. आणि जुने गेम चालणार नसतील, तर नवं कोरं यंत्र पूर्ण किमतीला घेऊ नका. सेकंडहँड घ्या, हवे तेवढे पाच-सहा गेम डिस्कवर घ्या, आणि ऑनलाइन दुकान बंद होण्याआधी त्यांचे अपडेट उतरवून ठेवा.