ब्रेक मास्टर सिलिंडरचं मेजर किट: बोअर बघितल्याशिवाय घेऊ नका

पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली बसत जातं, ऑइल मात्र बाहेर कुठेच गळत नाही. जुन्या गाडीत असं झालं की बहुतेक वेळा मास्टर सिलिंडरच्या (पेडलचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणाऱ्या सिलिंडरच्या) आतल्या कपाची, म्हणजे पिस्टनवरच्या रबरी सीलची, कड गेलेली असते आणि दाबाखालचं ऑइल तिच्या बाजूने मागे सरकत असतं. अशा वेळी किट, म्हणजे आतल्या सुट्या भागांचा संच, टाकणं अख्खा सिलिंडर बदलण्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं, आणि योग्य सिलिंडरमध्ये टाकलं तर कामही नव्यासारखंच करतं.

मायनर किटात नुसती रबरं असतात, मेजर किटात दोन्ही पिस्टन, कप, स्प्रिंगा आणि सर्क्लिप (पिस्टन आत अडवून धरणारी कडी). मेजरच घ्यावं. जुन्या पिस्टनवर नवे कप चढवताना स्क्रू ड्रायव्हरने त्यांची कड कापली जाते, नाहीतर एखादा कप उलटा बसतो आणि दाबच धरत नाही. मेजर किटात बहुधा कप पिस्टनवर चढवूनच येतात, म्हणून हा धोका टळतो. बऱ्याच किटांत ब्रेक ऑइलच्या टाकीचे ग्रोमेट (टाकी सिलिंडरवर बसते तिथली रबरी बुशं) नसतात. हा उणेपणा छोटा नाही, कारण टाकी उपटल्यावर कडक झालेले जुने ग्रोमेट पुन्हा घट्ट बसत नाहीत. ते वेगळे मागवून ठेवावेत.

खरेदीआधी सिलिंडर उघडा. पाइपचे नट साध्या पान्याने गोल होतात, म्हणून फ्लेअर नट पाना (नटाला जवळपास सगळीकडून धरणारा) हाच लावा. पिस्टन किंचित आत दाबून त्याला अडवणारा स्टॉप स्क्रू काढा, मग सर्क्लिप. दुसरा पिस्टन अडकला तर सिलिंडर लाकडावर हलकेच आपटा. धुवायला ब्रेक क्लीनर किंवा ताजं ब्रेक ऑइल. पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांचा थेंबही नको, त्याने हे रबर फुगतं आणि नवं किट वाया जातं.

आता टॉर्च लावून बोअर, म्हणजे पिस्टन सरकतो ती सिलिंडरची आतली भिंत, नीट बघा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि त्या पाण्याने आत गंजाचे खड्डे पडतात. बोअर बिडाचा असेल आणि नुसता डाग असेल तर बारीक होनने (बोअर घासायच्या हत्याराने) निघतो. नखाला लागणारा खड्डा किंवा ओरखडा असेल तर किटचा नाद सोडा. ॲल्युमिनियमच्या बोअरला होन लावूच नये. वरचा ॲनोडाइझ केलेला कडक थर गेला की नवे कप भराभर झिजतात. तिथे नवा सिलिंडर हाच उपाय.

जोडताना बोअर आणि कप ताज्या ऑइलने ओले करा. प्रत्येक पिस्टनच्या पुढच्या, दाब देणाऱ्या कपांची पसरट कड पुढे, म्हणजे पेडलच्या उलट दिशेला हवी. टाकीकडून येणारं बारीक भोक हवेने मोकळं करा, तार घालू नका. तारेने उठलेली कोर कप कापते.

गाडीवर चढवण्याआधी सिलिंडर व्हाइसमध्ये (शिकंजात) बोल्ट लावायच्या कानाला धरून आडवा बांधा, पाइपांच्या तोंडांना दोन नळ्या लावून त्यांची टोकं ऑइल भरलेल्या टाकीत सोडा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन सावकाश दाबा. ही पायरी गाळली तर चाकांच्या ब्रेकमधून कितीही हवा काढली तरी पेडल स्पंजासारखं राहतं आणि दोष उगाच किटवर येतो. बसवल्यावर पुशरॉड (पिस्टन ढकलणारा दांडा) आणि पिस्टनमध्ये मॅन्युअलमध्ये दिलेली फट हवी. फट नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ते बारीक भोक झाकलेलं राहतं, ऑइल परतत नाही आणि ब्रेक तापत तापत चाकं जाम करतात. किट टाकल्यानंतरच्या तक्रारींत ही फट सगळ्यात आधी तपासावी.

बूस्टरचं (पेडलचा जोर वाढवणाऱ्या, सिलिंडरमागच्या डब्याचं) तोंड ओलं दिसलं तर मागच्या सीलमधून ऑइल आत जात होतं असं समजा आणि बूस्टरही तपासा. ऑइल जुनं परत ओतू नका. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रत) किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावा शोषलेल्याची हमी १५५ पर्यंतच उरते. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

हवा काढताना पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. पेडल जमिनीला टेकवलं की कप बोअरच्या एरवी न वापरलेल्या, खरखरीत टोकापर्यंत जातात आणि नव्या किटची कडसुद्धा पहिल्याच दिवशी फाटू शकते.